हजेरीपटावरची आफ्रिका

आमचे सर आफ्रिकेची हजेरी घ्यायचे.

सेलूच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी इंग्रजी. वयात पंधरा वर्षांचं अंतर, तरी ते मला कायम 'तुमी' म्हणायचे. शाळेत वापरात न आलेला एक जुना हजेरीपट त्यांनी मागून घेतला होता. त्यात पोरांच्या नावांच्या जागी त्यांनी आफ्रिकेतली जंगलं लिहिली होती: सेरेंगेटी, मसाई मारा, क्रुगर, एटोशा, ओकावांगो, लुआंग्वा. तारखांच्या जागी बारा महिने. ज्या महिन्यात प्राणी नीट दिसतात त्या घरात 'ह', म्हणजे हजर. पावसानं गवत वाढलं, रस्ते चिखलात गेले, की 'गै'. आणि शेवटच्या रकान्यात वर्गशिक्षकाचा शेरा.

मसाई मारा : पहिल्या बाकावरचा. सगळे त्यालाच विचारतात, त्यामुळे शेफारला आहे.

सेरेंगेटी : हुशार. पण नेमकं कुठं बसेल हे आधी सांगता येत नाही.

एटोशा : शांत स्वभाव. पाणवठ्याजवळ आपण नुसतं बसून राहायचं, सगळे येऊन भेटून जातात.

लुआंग्वा : मागच्या बाकावर बसतो. हात वर करत नाही. पण येतं त्याला.

आयुष्यात एकदाच जायचं, आठ दिवस जायचं आणि बरोबर जागी जायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. पैसे त्यांनी बाजूला ठेवले होते, तो प्रश्न नव्हता. प्रश्न निवडीचा होता. मोंढ्यातले लोक त्यांना थांबवून विचारायचे, "सर, आफ्रिकेला कवा?"

"निवडायलोय."

"पोरीला नवरा बघायला बी एवढे दिस लागत न्हाईत की हो!"

"नवरा चुकला तर भांडता येतं," सर म्हणायचे. "महिना चुकला तर कुणाशी भांडावं?"

दुर्बीण घेतली तेव्हा ते रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे आणि मालगाडीच्या डब्यांवरचे आकडे वाचायचे. एका पोलिसानं हटकलं, "काय बघायलाव, काका?" सर दुर्बीण डोळ्यावरून न काढता म्हणाले, "सवय करायलोय. गाडी पळती, हत्ती चालतो. हे जमलं की ते जमंल." पोलिसानं मग स्वतःही दुर्बिणीतून पाहिलं, आणि पुढचे चार दिवस तोच यांची वाट पाहत उभा असायचा.

हे वेड आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. सर बोरीच्या वस्तीत वाढले. वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी. सर सेलूला शिकायला आले आणि सेलूचेच झाले. मला वाटलं, लहानपणी कुठंतरी सिंहाचं चित्र पाहिलं असेल, असं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "तीस वर्षं मी आफ्रिका शिकवायलोय. गवताळ प्रदेश, विषुववृत्त, सगळं. पाहिलेलं काहीच न्हाई. कोर्टात असल्या साक्षीला काय म्हणतात?"

"ऐकीव."

"हां. ऐकीव साक्ष. एकदा डोळ्यानं बघतो, मंग मोकळा."

शिकवायचे मात्र असे, की ऐकीव आहे हे कुणाला पटलं नसतं. ओकावांगोला ऐन कोरड्या दिवसांत पूर येतो, आभाळात ढग नसताना. हे पोरांना पटेना. सर म्हणाले, "बोरीत पाऊस न्हाई तरी कालव्याला पाणी येतं का न्हाई? का येतं? वर जायकवाडीतून सोडत्यात म्हणून. किती दिसांनी येतं? तिथं पाऊस अंगोलात पडतो. पाणी चालत चालत खाली यायला महिने लागतात. म्हणून उन्हात पूर. पाणीपाळी हाय ती, हत्तींची." त्यानंतर माझ्याही डोक्यातून ते कधी गेलं नाही.

नोकरीत असताना जाणं अवघड होतं, कारण सरांनी कधी रजा घेतली नाही. बायको वारली तेव्हा घेतली तेवढीच. मे महिन्यात किंवा दिवाळीत जायचं तर हजेरीपटावर त्या महिन्यांत निम्मी आफ्रिका गैरहजर. "आपल्याला सुट्टी असती तवा ती नापास, अन् ती पास होती तवा आपली शाळा," असं ते म्हणायचे. मग ते निवृत्त झाले. आता बाराही महिने त्यांचे होते. पण एकट्यानं जायची त्यांची तयारी नव्हती. विमानतळावरचं इंग्रजी, फॉर्म भरणं, या गोष्टींना ते बिचकायचे. लेक नांदेडला, तिची मुलं लहान. मला त्यांनी सरळ विचारलं, "तुमी येता का? तुमचं तिकीट माझं."

"माझं मी काढीन, पण येतो," मी म्हणालो.

हे मी मनापासून म्हणालो होतो. त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटत होतं.

पुढचं सांगायला मला आजवर जमलेलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही. पण लिहायचं तर एवढंच लिहायचं आहे, बाकीचं कुणीही लिहील.

जुलैत जायचं ठरत आलं होतं. लुआंग्वाच्या काठावरच्या एका मुक्कामाची माहिती सरांनी मागवली होती. इंग्रजीत होती, म्हणून ती मी वाचून दाखवत होतो. नदीकाठी तंबू. प्रत्येक तंबूत दोन खाटा, मध्ये एक छोटं टेबल, मागं न्हाणीघर. वाचताना काही वाटलं नाही. सर मात्र खूश झाले. "कापडाच्या आत आपुन, कापडाच्या बाहेर ते," म्हणाले.

त्याच आठवड्यात मी गावी गेलो, सोनपेठजवळ. जेवणं झाल्यावर ओट्यावर सगळे बसले होते, थोरला भाऊ, दोन चुलतभाऊ. मी मोठ्या तोऱ्यात आफ्रिकेचं सांगितलं. कुणासोबत, ते सांगितलं. तंबूचंही सांगितलं. चुलतभावानं सुपारी कातरता कातरता विचारलं, "एकाच तंबूत? आठ दिस? मंग आल्यावर तुझं ताट आमी गोठ्यातच मांडू का, का तूच मांडून घेशील?"

सगळे हसले.

मीही हसलो.

बास, एवढंच झालं. कुणी मला जाऊ नको म्हटलं नाही. आई तर म्हणाली, "गप रे, मास्तर देवमाणूस हाय." पण देवमाणूस म्हणताना तिनं विषय बदलला, आणि मी तो बदलू दिला. मी स्वतःला असल्या गोष्टींच्या पलीकडचा समजत होतो. सरांच्या घरी चहा पीत होतो, सभांमध्ये समतेवर बोलत होतो, त्या भाषणांना टाळ्या घेत होतो. आणि परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी त्या दोन खाटांचा आणि मधल्या छोट्या टेबलाचा विचार करत होतो. त्यांचा पाण्याचा तांब्या कुठं राहील आणि माझा कुठं, हा विचार. तो माझ्याच डोक्यात आला होता. चुलतभावाच्या नव्हे.

सेलूला पोचल्यावर मी सरांना म्हणालो, "सर, हेडसर जुलैत रजा देत नाहीत. पट पडताळणी आहे, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, संगणकावर बसायला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि नववीचे नवे प्रवेश अजून चालू आहेत. अर्ज टाकला होता, पण ते म्हणाले, यंदा अवघड आहे."

मी अर्ज टाकलाच नव्हता.

सरांनी हातातला हजेरीपट मिटला. म्हणाले, "बरं. पुढच्या वर्षी बघू. लुआंग्वा कुठं पळून चाललाय?"

पुढच्या वर्षी मी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेच्या इमारतीचं काम निघालं होतं, ते उपयोगी पडलं. दरवर्षी उन्हाळ्यात हजेरीपट उघडायचा, आम्ही दोघं दुपारभर बसायचो, एकेका जंगलाला पास-नापास करायचो. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी होत्या, हेही खरं आहे. निवडण्यात मी सगळ्यात पुढं असायचो. मीच शंका काढायचो. तिथं माशा फार आहेत, तिथं रस्ता वाईट आहे, तिथली गर्दी वाढली आहे. जायचं नसलेल्या माणसाइतकी बारीक चौकशी कुणीच करत नाही.

एका उन्हाळ्यात मला हजेरीपटात नवा रकाना दिसला. पट्टी लावून आखलेला. वर लिहिलं होतं, 'खोल्या'.

"हे काय, सर?"

"कुठं तंबू, कुठं पक्क्या खोल्या, ते बघायलोय. एटोशाला पक्क्या हायत. दोघांना दोन मिळत्यात, शेजारी शेजारी."

"पण तुम्हाला तर तंबू पाहिजे होता."

"मला घोरायची सवय हाय," सर म्हणाले. "तुमची झोप कशाला मोडायची?"

मी शाळेच्या सहलीला वेरूळला त्यांच्यासोबत गेलो होतो. एका हॉलमध्ये चाळीस पोरं आणि आम्ही दोघं झोपलो होतो. सर घोरत नाहीत. पोरंसुद्धा म्हणाली होती, सर झोपले का नुसते पडलेत तेच कळत नाही. हे मला त्या क्षणी आठवलं. आणि तरी मी काय म्हणालो, तर, "हां, एटोशा विचार करण्यासारखं आहे."

त्यांनी माझ्यासाठी अख्खी नदी सोडली होती, आणि मी विचार करतो म्हणालो.

मग डोळ्यांचं सुरू झालं. परभणीच्या डॉक्टरांकडं मीच त्यांना घेऊन गेलो. काचबिंदू. फार पुढं गेलेला. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि कडेकडेनं तो काळा करत आणला. सर भूगोलाचे, त्यांना आकृती लगेच कळली. परत येताना बसमध्ये म्हणाले, "बाजूचं आधी जाणार, मधलं शेवटी. किनारपट्टी बुडत बुडत आत येती, तसं. डॉक्टर म्हणले, दोन वर्षं धरा. आता निवडून टाकू. यंदा जुलै."

तेव्हाही मी म्हणालो, "विचारून बघतो."

विचारलं नाही. दोन वर्षं धरा, असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सर मोंढ्याच्या फाटकाशी पडले. उजवीकडून सायकलवाला आला, तो त्यांना दिसलाच नाही. सायकलवाला ओरडत होता, "आंधळे हायत का काका?" मग त्यानं चेहरा पाहिला. त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. बिचारा रडायला लागला. सर त्याचंच सांत्वन करत बसले. "चूक तुझी न्हाई. तू बरोबर बाजूनं आला. बाजूच राहिली न्हाई."

मी त्यांना घरी आणलं. कोपर सोलवटलं होतं. कापसानं ते पुसत होतो, माझी मान खाली होती, म्हणून बहुतेक बोलता आलं.

"सर, मी रजेचा अर्ज कधीच टाकला नाही. एकदाही नाही."

"माहीत हाय."

माझा हात थांबला.

"पुसा, पुसा. थांबू नका, आग होती," सर म्हणाले. "पहिल्याच वर्षी कळलं. ज्याला रजा मिळत न्हाई तो 'न्हाई दिली' म्हणून शिव्या घालतो अन् गप बसतो. तुमी पट पडताळणीपासून सुरू केलं. एवढा तपशील खरं बोलणाऱ्याजवळ नसतो."

"कारण..." मी म्हणालो, आणि मग सांगितलं. ओटा सांगितला. गोठा सांगितला. मी हसलो तेही सांगितलं. तांब्याचं सांगताना शब्द सापडेनात, पण सांगितलं.

 सरांच्या फडताळावर बुद्धाची छोटी पितळी मूर्ती होती, मी तिच्याकडं बघत होतो, कारण त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"अर्जाचं माहीत होतं," शेवटी ते म्हणाले. "तंबूचं अंदाजानं धरलं होतं."

"म्हणून खोल्यांचा रकाना."

"तुमची सोय बघितली."

"राग नाही आला?"

"आला की. लय आला." हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. "बोरीत असताना असला राग रोज यायचा, सवय होती. पण तुमच्यावर यायला नको होता. मला वाटलं, आपल्या संगतीनं एवढं वाचायलेत, बदलतील. तुमी नकाशा वाचायला शिकलात, तेवढंच."

 माफ करा म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं, पण ते त्या खोलीत फार स्वस्त वाटलं असतं.

"दुसऱ्या कुणासोबत का नाही गेलात, सर?"

"तुमी अर्ज कवा टाकता ते बघायचं होतं. हट्ट म्हणा. माझी बी चूक हाय त्यात. हट्टापायी डोळे घालवले." मग कोपर आपल्याकडं ओढून घेत म्हणाले, "झालं. आता उद्या टाका. पुढल्या जुलैसाठी."

अर्ज मंजूर व्हायला दोन मिनिटं लागली. हेडसर स्वतः सरांचे विद्यार्थी. वाचता वाचताच त्यांनी सही केली. "सरांसोबत चालला तर विचारायचं काय त्यात? पण इतकी वर्षं का नाही गेला हो? ते तर मला दरवर्षी म्हणायचे, निवड चाललीय." म्हणजे सरांनी त्यांनाही माझं काही सांगितलं नव्हतं. मी अर्जाची पोच घेऊन बाहेर आलो आणि थेट सरांच्या घरी गेलो.

जागा मग एका बैठकीत ठरली. लुआंग्वा, तंबू. 'खोल्या' हा रकाना खोडायचा होता. सरांनी पेन माझ्याकडं दिलं. "माझी रेघ आता सरळ येत न्हाई. तुमी मारा." मी मारली. गावी जाऊन, सगळे जेवत असताना, कुणीही न विचारता मी सांगितलं की आम्ही एका तंबूत राहणार आहोत. चुलतभावानं काहीतरी विनोद केला. मी हसलो नाही. माझ्या हातून झालं ते एवढंच, आणि हे काही फार नव्हे.

त्या जुलैत आम्ही गेलो.

तंबू त्या माहितीत लिहिलं होतं तसाच होता. सर सकाळी खाटेवर उठून बसायचे आणि डोळे मिटून नदी ऐकायचे. पाणघोडे हसल्यासारखे खिंकाळत, तेव्हा म्हणायचे, "स्टाफरूम भरली." पाण्याचा तांब्या नव्हता, काचेची एक सुरई होती, दोघांत एक. पहिल्या दिवशी सरांनी आधी मला ओतून दिलं. मी प्यालो. 

त्यांची नजर तोवर एका बारीक भोकाएवढी राहिली होती. डाव्या डोळ्यात, मधोमध. पपईच्या देठाच्या नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं ते म्हणायचे. लांबचं जनावर त्या नळीत सापडायचंच नाही. सिंह झाडाखाली आहे म्हणून मी सांगायचो, ते मान फिरवत राहायचे, आणि मिळेपर्यंत गाडी पुढं गेलेली असायची. "सांगा," म्हणायचे. मी सांगायला लागलो की चिडायचे. "सिंह रुबाबदार असतो हे मला माहीत हाय. पाय कसे ठेवलेत ते सांगा!" तेव्हा मला समजलं, की इतक्या वर्षांत मी काही नीट बघायला शिकलोच नव्हतो.

सहाव्या दिवशी दुपारी एक हत्ती गाडीच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. दहा-बारा पावलांवर. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सरांना मी खांद्याला धरून वळवलं आणि त्यांची नळी हत्तीवर पडली.

"सापडला," ते पुटपुटले. "हे काय हाय? शेपूट."

मग ते हळूहळू मान फिरवायला लागले. शेपटीपासून. बोटभर जागा बघायची, थांबायचं, पुढं सरकायचं. फळ्यावर नकाशा काढताना खडू किनाऱ्याकिनाऱ्यानं न्यायचे, तसे ते हत्तीच्या अंगावरून चालले होते. मागचा पाय. मांडीवरच्या सुरकुत्या. "चिखल वाळलाय," म्हणाले. पोट. पाठीची चढण. मी मनात हत्तीला म्हणत होतो, थांब रे, अजून थोडा, खांदा राहिलाय, कान राहिलाय.

हत्ती थांबला नाही. त्यानं कान हलवला, आणि एकेक पाऊल टाकत झुडपांमागं निघून गेला. सर खांद्यापर्यंत पोचले होते. त्यांच्या नळीत एकदम नुसतं गवत आलं असणार, कारण त्यांनी मान दोनदा मागं-पुढं केली आणि मग स्थिर ठेवली.

पाच वर्षांपूर्वी अख्खा हत्ती एका नजरेत आला असता. हे त्यांनी म्हटलं नाही. मी म्हणतो आहे.

"तोंड राहिलं," सर म्हणाले. "दात होते का?"

होते म्हणायला हरकत नव्हती. दोन्ही, लांब, पांढरे. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य तयारच होतं, मला तशी वाक्यं सहज येतात.

"उजवा होता, सर," मी म्हणालो. "डावा मुळापासून मोडलेला होता."

सरांनी मान हलवली. हात पुढं करून चाचपला, माझा खांदा सापडला, तो धरून ते सीटवर सरळ बसले.

"कान?" ते म्हणाले. "सावकाश सांगा. वरून सुरू करा."